ताप उतरेपर्यंत

तुरुंगाच्या फाटकासमोर आम्ही फाशीविरोधाची पत्रकं वाटत होतो. फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याची आई भेट संपवून बाहेर आली आणि माझ्याशेजारी कट्ट्यावर टेकली.

"अंग नुसतं भाजतंय त्याचं. पण डॉक्टर सारखा येऊन बघतो हो. एवढी काळजी गावात कुणी घेतली नव्हती."

"घ्यावीच लागते, मावशी," फाटकावरचा हवालदार सहज बोलून गेला. "आजारी माणसाला फाशी देत नाहीत. आधी बरा करतात."



पूर्वी भर चौकात फासावर चढवायचे, बघायला जत्रा लोटायची. आता म्हणे आपण सुधारलो. आता भिंतीआड थर्मामीटर लावतो, गोळ्या देतो आणि माणूस ठणठणीत झाला की लटकवतो. त्यानं एकाचा जीव घेतलाय, हे मी लपवत नाही. पण बोकडालाही कापण्याआधी चारा घालतात, त्याला कुणी न्याय म्हणत नाही.

"पोरी," ती म्हणाली, "त्याला ताप आला की मी देवीची ओटी बोलायचे. आता काय बोलू? आईच्या तोंडानं म्हणू, ताप राहू दे?"