खडूभाऊ बसले तेव्हा

खडूभाऊंना पहिली अठरा वर्षं मी बसलेलं पाहिलंच नाही. ते अंगणात यायचे, विहिरीत टेप सोडायचे, वहीत आकडा लिहायचे आणि सासूबाई चहाचं आधण ठेवेपर्यंत बेड्याबाहेर, म्हणजे फाटकापलीकडे, पडलेलेही असायचे. सासूबाई आतून ओरडायच्या, "बस मरे वायंच, बाव खंय पळता?" बाव म्हणजे आमची विहीर. त्यावर रस्त्यावरून उत्तर यायचं, "आये, बाव पळणा नाय, पाणी पळता!" माझ्या दिराच्या लग्नात त्यांना आग्रहाने जेवायला बोलावलं, तर हा माणूस पंगतीत वाढायला उभा राहिला आणि स्वतः हातात द्रोण घेऊन उभ्यानेच सोलकढी पिऊन गेला. त्यांच्याकडे नुसतं बघूनच मला दम लागायचा.

खडूभाऊ हे आम्ही ठेवलेलं नाव. ते सरकारी पाणी सर्वेक्षणात होते. कसालजवळच्या आमच्या गावात विहिरी पुष्कळ, पण सरकारने मोजायला निवडली ती आमची, आणि सासूबाईंना त्याचा अभिमान थेट सोयरिकीएवढा. वर्षातून चार वेळा खडूभाऊ यायचे. लोखंडी टेपच्या टोकाला शाळेतला निळा खडू घासायचे आणि टेप पाण्यात सोडायचे. खडू जिथवर भिजला तिथवर पाणी. विहिरीच्या कठड्यावर त्यांनी पांढऱ्या रंगाने एक बाण आणि नंबर काढला होता. त्या बाणापासून पाण्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढा त्यांचा आकडा. एवढंच काम, पण चेहरा असा करायचे की विहिरीची नाडी बघताहेत.

नोकरीला लागले तेव्हा ते खनिजं शोधणाऱ्या तुकडीबरोबर हिंडत. डोंगरातला दगड फोडायचा, तुकडा पिशवीत घालायचा, उरलेल्यावर नंबर टाकायचा. ते काम त्यांना मानवलं नाही. का, म्हणून मी एकदा विचारलं, तर टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "वयनी, दगड फाल्या थंयच आसतलो. पाणी नाय." दगड उद्याही तिथेच असणार, पाणी नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गावात ते इतकं रुळलं होतं की कुणी देणं टाळलं, लग्न लांबवलं, तरी लोक हसून हेच म्हणायचे.

पुढे सासूबाई थकल्या. विहिरीच्या उंच कठड्यावरून कळशी ओढून घेणं त्यांना जमेना, आणि सुनेने आणलेलं पाणी प्यायचं तर ते शिळं लागायचं. शेवटी आमच्या ह्यांनी गवंडी बोलावून कठड्याचे वरचे दोन थर उतरवले. खडूभाऊंचा बाण वरच्या थरावर होता. आता सरकारी खूण गेली तर काय, म्हणून मीच शहाणपणा केला. उरलेला पांढरा रंग काढला आणि नव्या कठड्यावर, नेमक्या त्याच जागी, तोच नंबर आणि तसाच बाण काढला. अक्षर तर मी त्यांच्यापेक्षा चांगलं काढलं होतं. उतरवलेले चिरे परसात पडले. एक न्हाणीपाशी बसायला झाला.

त्या वेळी खडूभाऊ आले, मापलं, गेले. त्यांनी वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. मी मनात म्हटलं, एवढी सुबक खूण काढली, दोन शब्द तरी बोलायचे.

पुढच्याच वर्षी वरच्या उतारावर चिरेखाण निघाली. यंत्राचं पातं दिवसभर दगड कापायचं, भांडी घासताना हातावर लाल धूळ बसायची. दर मे महिन्यात आमचं पाणी खाली जाऊ लागलं. सासूबाई गेल्या तेव्हाच्या उन्हाळ्यात बादलीला चिखल लागला. नंतर आवाठातल्या, आमच्या वाडीतल्या, बायका कळशी घेऊन ओहोळावर जाऊ लागल्या, मीही त्यांच्यातच. खाणीची मुदत वाढवायची वेळ आली तेव्हा गावाने हरकत घेतली. तालुक्याला सुनावणी झाली. खाणवाल्याने सर्वेक्षणाचा कागद पुढे केला. आमच्याच विहिरीचा. पाणीपातळीत घट नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आम्ही सगळे खोटे ठरून एसटीने परत आलो. निकाल तेवढा पुढच्या तारखेवर होता.

नंतर खडूभाऊ आले ते भर मेच्या दुपारी. मी त्यांची वाटच बघत होते. "तुमच्या वहीत पाणी आसा, आमच्या बावीत नाय!" मी सुरू झाले ती थांबेचना. अठरा वर्षं ज्या माणसाची थट्टा केली, त्याला त्या दिवशी मी नको नको ते बोलले. त्यांनी टेप सोडली, वर घेतली. पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा सोडली. वहीची जुनी पानं काढली. आकडे जवळपास तेच, आणि खाली चिखल तर डोळ्यांना दिसत होता. ते विहिरीभोवती फिरू लागले. एक फेरी, दोन, पाच. डोक्यावर टोपी नाही, ऊन पेटलेलं. मध्येच त्यांना घेरी आली आणि त्यांनी कठडा धरला.

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी दंडाला धरून त्यांना न्हाणीजवळच्या चिऱ्यावर बसवलं आणि पाणी आणायला धावले. तांब्या घेऊन आले, तर ते चिऱ्याच्या कडेला वाकून बोटाने काहीतरी खरवडत होते. शेवाळाखाली पांढरा रंग होता. एक बाण आणि अर्धा नंबर.

"वयनी, ह्यो दगड हंय कसो इलो?"

"कठडो उतरवलो तेव्हाचो. आयेक जमा नाय होता, म्हणान दोन थर काढले."

"आणि तिकडची खूण?"

"मियाच रंगवलंय. तुमची बघून." हे सांगताना मला अजूनही काही कळलं नव्हतं. उलट थोडी ऐटच होती.

त्यांनी चिऱ्याला टेप लावली, दोनाने गुणलं, जोडणीचा चुना हिशेबात धरला, वहीत बघितलं. कठड्याबरोबर बाण हातभर उतरला होता आणि पाणीही हातभर उतरलं होतं. कागदावर पाणी जागच्या जागी होतं. "आजपावत सगळ्यांका सांगत होतंय, दगड फाल्या थंयच आसतलो," ते म्हणाले. "ह्यो बघा खंय इलो." मग ते पुन्हा त्याच चिऱ्यावर बसले, या वेळी आपणहून. मी चहा केला. त्यांनी तो सगळा प्यायला आणि मला रडू आलं.

पुढच्या सुनावणीला मी सांगणार होते, की खूण मी काढली. ते मला आदल्या दिवशीच म्हणाले, "खूण खंय आसा ता बघूचा काम माझा, तुमचा नाय." मी ऐकणार नव्हते. पण त्या दिवशी खडूभाऊ रिक्षातून उतरले ते दोन माणसांकडून न्हाणीजवळचा चिरा उचलवून घेऊनच. तो त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवायला लावला. फायलींवर लाल माती सांडली.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"ही आमची नोंद आहे, साहेब." कचेरीत ते शुद्ध बोलायचे. "दहा वर्षांची. चुकीची आहे."

"चूक कोणाची?"

मी उठले. खडूभाऊंनी माझ्याकडे न बघताच हात केला. "वयनी, बसा." आणि साहेबांना म्हणाले, "मोजणाऱ्याची. मी घाईत होतो."

खाणीला मुदत मिळाली नाही. खडूभाऊंना ठपका मिळाला, निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना. आमच्या विहिरीची दहा वर्षांची पानं रद्द करायचा हुकूम निघाला, आणि त्यांवर लाल शाईची रेघ त्यांनी स्वतः मारली. उन्हात, पायी, दुखत्या गुडघ्यांनी जमवलेले ते आकडे होते. त्या रेघेला माझाही हात लागलेला आहे हे मी विसरू शकत नाही, आणि विसरायचंही नाही.

त्यानंतरच्या वर्षभरात ते आले की आधी, परत न्हाणीपाशी आणून ठेवलेल्या त्या चिऱ्यावर बसायचे. चहा व्हायचा. मग उठून कठडा जमिनीपासून मोजायचे आणि मगच टेप सोडायचे. निवृत्तीनंतर एकदा नुसतेच आले होते, टेप न घेता. मे महिना होता, बादली बुडली तो आवाज त्यांनी दोनदा ऐकला आणि गेले. पुढच्या वर्षी ते वारल्याचं कसालच्या बाजारात कळलं. मी नारळ घ्यायला गेले होते, ते न घेताच परत आले.

आता जीपमधून दोन मुलं येतात. त्यांच्याकडे तारेचं यंत्र आहे, ते पाण्याला टेकलं की शिटी वाजवतं, खडू लागत नाही. फार घाईत असतात बिचारी. जीपचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून बाहेर येते. विहिरीवर नंतर बसवलेल्या जाळीला मी कुलूप घालून ठेवते आणि किल्ली कनवटीला लावून अंगणात उभी राहते.

"काकी, लवकर उघडा, अजून पाच गावं आहेत," ती म्हणतात.

मी त्यांना न्हाणीजवळचा चिरा दाखवते. "आधी बसा."