हाकेला ओ न देणारी

मला राग येतो, आणि तो अजून येतो याचं मला बरंच वाटतं. कोल्हापुरात एका मानसोपचार डॉक्टरांच्या दवाखान्यात मी पंधरा वर्षं समुपदेशक आहे. बायका येतात, रडतात, बोलतात. त्यांना शांत व्हायला शिकवायचं, हे माझं काम. श्वास आत घ्या, हळू बाहेर सोडा. अहो, घरात रोज कुणीतरी उरावर बसलेलं असताना कसला डोंबलाचा श्वास घ्यायचा! पण मी सांगत आले, आणि त्या बिचाऱ्या घेत आल्या.

ती आली तेव्हा सव्वीस-सत्तावीसची असेल. पेठ वडगावकडच्या खात्यापित्या घरची सून. दारात दहा-बारा म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. माहेर सीमेपलीकडं, कर्नाटकात. दोन्ही घरं लिंगायतच, पण सासरी मराठी आणि माहेरी कन्नड. तिला घेऊन आलेले सासू आणि नवरा. ते दोघं दोन बाजूंच्या खुर्च्यांवर आणि ही मधे, पदर मुठीत धरून.

"हाक मारली तर ओ देत न्हाय बघा," सासू म्हणाली. "दोन म्हयनं झालं. काम समदं करती, पर आमच्यासंगं तोंड उघडत न्हाय. आन पोरीला मांडीवर घिऊन कायतरी पुटपुटत बसती."

पोरगी म्हणजे तिची लेक, तीन वर्षांची.

कागदावर जे नाव होतं त्या नावानं मी तिला हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा चांगली मोठ्यानं मारली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी फॉर्मवर लिहिलं, 'स्वतःच्या नावाला प्रतिसाद देत नाही. पुटपुटते.' डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. निघताना नवऱ्यानं माझ्या त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला, आणि त्याला नीट काढता यावा म्हणून कागद सरळ करून मीच पुढं सरकवला. शेण खाल्लं मी, दुसरं काय म्हणू?

महिन्यानं तिघं परत आले. गोळ्यांनी ती नुसती पेंगत होती. सासूला मात्र आता औषध नको होतं, कागद हवा होता.

"डोकं ठिकाणावर न्हाय म्हणून लिवून द्या की म्याडम. आमी तिला म्हायेरी पोचवतो. नात ऱ्हाईल आमच्याकडं. येडीजवळ लेकरू कसं ठेवायचं?"

असं होय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या दोघांना बाहेर बसायला सांगितलं तर सासू उठेना. तिचं तरी काय चुकलं म्हणा. आमच्याकडं रीतच होती, बाईसोबत आलेलं माणूस आत बसायचं आणि बाईचं दुखणं तेच सांगायचं. मीही कधी हरकत घेतली नव्हती, कारण माहिती पटापट मिळायची. बाई स्वतः बोलायला लागली की तास मोडतो. त्या दिवशी मी दार उघडून तिथंच उभी राहिले. "मावशी, तुम्ही उठा, नाहीतर मी उठते." पुटपुटत उठली.

मग आम्ही दोघीच. माझी आई निपाणीकडची, त्यामुळं मला कन्नड येतं ते स्वयंपाकघरापुरतं. काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "ऊट आतेनव्वा?" म्हणजे, जेवलीस का गं बाई? तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं आणि मानेनं नाही म्हणाली. मी माझा डबा उघडून पुढं ठेवला. तिनं अर्धी भाकरी खाल्ली. मग मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये मी तिला तिचं नाव विचारलं.

तिनं सांगितलं. स्पष्ट, खणखणीत. ते कागदावरचं नाव नव्हतंच. ते मी इथं लिहिणार नाही, तिचं आहे ते.

कागदावरचं होतं सासरचं नाव, पुढचं तिनं मराठीतच सांगितलं. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं. पाच वर्षं तिनं त्या नावाला ओ दिली. तीन महिन्यांपूर्वी तिचे वडील गेले. सकाळीच माहेरून सासूच्या फोनवर निरोप आला. त्या दिवशी नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते, वीस माणसांचा स्वयंपाक होता. पाहुणे जेवून, पसंती कळवून, गाडीत बसून गेल्यावर संध्याकाळी सासूनं तिला सांगितलं. तोवर तिकडं मूठमाती देऊन झाली होती.

"अप्पांनी ठेवलेलं नाव घेऊन जो हाक मारंल, त्येलाच ओ देणार," ती म्हणाली. पुटपुटणं म्हणजे काय, तर लेकीशी कन्नडमध्ये बोलणं. सासरी त्याला बंदी होती, म्हणून हळू आवाजात.

आता बोला! ही बाई वेडी? त्या घरात शहाणं माणूस एकच होतं, आणि त्याला आम्ही गोळ्या घालून झोपवत होतो. माझं स्वतःचं नाव असंच तांदळात लिहून बदललेलं. मी तर तेव्हा छान लाजलेही होते. हजारो बायकांचे फॉर्म भरले, पण कुणाला विचारलं नाही की, बाई, तुला घरी काय म्हणायचे? तू रडतेस कुठल्या भाषेत? स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं मला, आणि नाही मारली याचंही वाईट वाटतं.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी गोळ्या बंद केल्या, सर्टिफिकेटही दिलं नाही, हे खरं. पण वर मला समजावलं, "मॅडम, तुम्ही पेशंटची बाजू घेताय. आपण तटस्थ राहायचं असतं." तटस्थ! एकीकडं बापाचं तोंड बघू न दिलेली पोर, दुसरीकडं अख्खं घर, आणि आपण मधे खुर्ची टाकून बसायचं. त्या खुर्चीचं तोंड कायम घराकडंच असतं, डॉक्टर, हे मी त्यांना तोंडावर म्हणाले. त्यांनी पुढचा पेशंट आत बोलावला.

सासरच्यांना सर्टिफिकेट लागलंच नाही. त्यांनी तिला माहेरच्या दारात सोडली, लेक ठेवून घेतली, आणि कोर्टात तो मोबाइलमधला फोटो लावला. माझं अक्षर, माझी सही, दवाखान्याचा शिक्का. एवढं लहान लेकरू सहसा आईकडं देतात, असं तिचा वकील म्हणाला, पण या कागदामुळं अडलं. मी कोर्टात गेले. माझं चुकलं, ही बाई ठणठणीत आहे, असं लिहून दिलं. समोरचा वकील हसला. "मॅडम, तेव्हा चुकला होतात की आता चुकताय?" त्याचा गळा धरावासा वाटला. पण प्रश्न बरोबर होता, म्हणून आणखी संताप आला.

निकाल लागेपर्यंत महिन्यातले दोन शनिवार, तासभर, कोर्टातल्याच एका खोलीत लेकीला भेटायचं असं ठरलं. चौथ्या का पाचव्या भेटीला मी तिच्यासोबत गेले. आजी नातीला दारात सोडून बाहेर बाकावर बसली. पोरीच्या अंगात नवा फ्रॉक, पायांत वाजणारे बूट. आई खाली बसली, दोन्ही हात पसरले आणि कन्नडमध्ये तिच्याशी बोलू लागली. काय काय खाल्लंस, कुणासंगं खेळलीस, असंच काहीतरी.

पोरगी दोन पावलं मागं सरकली.

"असं नको बोलू," ती म्हणाली. "नीट बोल की. आज्जी म्हनती, असं येडी बोलत्यात."

आईचे हात तसेच पसरलेले राहिले. मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि मराठीत विचारलं,

"अक्का, आता ह्येचं काय लिवून देणार तुमी?"