साडूचा डावा हात

साडू हे नातं देवाने रागाच्या भरात घडवलं असावं. प्रेम दोन बहिणींचं आणि भोगायचं त्यांच्या नवऱ्यांनी! त्यातून माझा साडू आमच्या बँडचा मालक. नाशिकच्या लॉन्सवर हळद असो, साखरपुडा असो, बोलावतील तिथे आम्ही गाणी वाजवतो. तो कीबोर्डवर, मी बेस गिटारवर, म्हणजे गाण्याखालच्या जाड, खर्जातल्या सुरांवर. आणि त्याचं ठाम मत असं, की बेस गिटारची गरजच काय?

“साडूभाऊ, बेस काय, कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर माझा डावा हातसुद्धा वाजवतो,” तो सगळ्यांसमोर म्हणायचा. “तुम्ही आपलं जेवणाकडे लक्ष द्या.”

वर साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये, जिथून सगळ्यांचा आवाज मोठ्या स्पीकरना जातो, मला जागा द्यायची नाही. त्याच्या कीबोर्डच्या वायरी जायच्या, ढोलकीपासून ताशापर्यंत सगळं वाजवणाऱ्या ऑक्टोपॅडच्या जायच्या, नवरीच्या मामाला गाण्याची हौस म्हणून त्याचा माइकही जायचा. बेसची वेळ आली की मिक्सर भरलेला. मग मी घरी सराव करायचा चिमुकला अ‍ॅम्प्लिफायर हिरवळीवर ठेवून वाजवायचो. एका साखरपुड्यानंतर शेवटच्या रांगेतून आलेल्या बायकोला मी मोठ्या आशेने विचारलं, “कसं झालं?”

“बोटं छान हलत होती,” ती म्हणाली.

साडू शेजारीच उभा होता. त्याने हसून घेतलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला. पुढच्या हळदीला बेस शेवटच्या रांगेत ऐकू आला तर ठीक. नाहीतर ती माझी शेवटची हळद.

म्हणजे कॉम्बो घेणं आलं. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत, उचलली की चालले कार्यक्रमाला. मी बायकोला घेऊन दुकानात गेलो, तर साडू आधीच तिथे हजर! न बोलावता. दुकानदाराने दिलेला चहा पीत.

“हा घ्या,” तो म्हणाला. त्याचं बोट फ्रिजएवढ्या एका काळ्या पेटीकडे होतं. आत पंधरा इंची स्पीकर. दुकानाच्या काचेच्या खोलीत मी एक तार छेडली मात्र, काचा थरथरल्या, भिंतीवरच्या गिटारी आपोआप गुणगुणायला लागल्या, चहाच्या कपात लाटा आल्या.

“पोट हललं!” साडू ओरडला. “साडूभाऊ, डोळे झाकून घ्या हा!”

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्या माणसाने मला एक वायर दिली नाही, तो माझ्यासाठी इतका खूश का? इथेच आपल्याकडचे सगळे वाजवणारे फसतात. बंद खोलीत बेसचं बटण शेवटपर्यंत पिळायचं, पोट हललं की पैसे मोजायचे. मग लॉनवर जायचं. तिथे आवाज अडवायला भिंत नाही, छत नाही. ती सगळी घुमघुम गोदावरीच्या दिशेने निघून जाते. साडूची हयात लॉन्सवर गेलेली. त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

मी दुकानदाराला म्हटलं, “ही पेटी आणि ती कोपऱ्यातली लहान पेटी, दोन्ही बाहेर फुटपाथवर काढा.”

“काका, फुटपाथवर?”

“मग काय, लग्न तुमच्या काचेच्या खोलीत लागणार आहे?”

बायकोला रस्त्यापलीकडे रसवंतीपाशी उभं केलं. मोठी पेटी वाजवली. रिक्षांच्या गदारोळात तिने मान हलवली, नाही. लहान पेटी प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवली, बेसचं बटण उतरवलं, मधल्या सुरांचं चढवलं. आवाज नाकातला निघाला, किरकिरा. पलीकडून बायकोने रसाचा ग्लास उंच धरला.

“बदक ओरडल्यासारखं वाटतंय,” साडू म्हणाला.

“बदक ऐकू तरी येतं, साडूभाऊ.”

हळदीच्या दिवशी मी तेच बदक खुर्चीवर मांडलं. तोंड पाहुण्यांकडे, वाटेत साडूचा कान आला, त्याला माझा इलाज नव्हता. पहिल्याच गाण्यात त्याचा डावा हात आणि माझा बेस एकमेकांच्या अंगावर धावून गेले. सगळा चिखल. नाचणाऱ्या करवल्या थबकल्या. दोघांपैकी एकालाच थांबावं लागणार होतं आणि मी तर नवीन पेटी घेतली होती.

“आवाज कमी करा!” तो माझ्यावर खेकसला.

“काय? ऐकू येत नाही!”

शेवटच्या रांगेत बायको उभी राहिली आणि तिने हात वर केला. नुसता वर केला नाही, तालावर हलवला. साडूने ते पाहिलं. त्याचा डावा हात पट्ट्यांवरून उचलला गेला, क्षणभर हवेत लटकला आणि पिवळ्या झब्ब्यावर, मांडीवर, येऊन बसला.

मिक्सरमध्ये मला अजून जागा नाही. नसू दे. प्रत्येक कार्यक्रमात मी आधी ती मांडी बघतो. हात तिथे विसावलेला दिसला की मग पहिली तार छेडतो, आणि जरा मोठ्यानेच छेडतो.