छत्रीच्या काड्यांची चावी

नवरा मेल्याला वर्ष व्हायच्या आतच घरात माझ्या पेटीवरून भांडणं सुरू झाली. पेटी पत्र्याची, माहेराहून आलेली. आत आईनं दिलेले चांदीचे तोडे आणि सरी. आणीबाणीच्या आगंमागंची गोष्ट. दिराला गोरेगाव ते हिंगोली चालणाऱ्या एका जीपमध्ये भागीदारी घ्यायची होती आणि त्याची नजर माझ्या चांदीवर होती.

सासू म्हणायची, "रांडमुंडीला तोडे काहून पायजेत? नाचायचंय का?"

"नाचन न्हाईतर चुलीत घालन. माझे हायेत."

वर्षश्राद्ध झालं की मी कनेरगाव नाक्याला भावाकडे जाणार होते. सडकेला त्याची जागा होती. तोडे मोडून तिथं चहाचं हॉटेल टाकायचं असं भावाशी बोलणं झालेलं होतं. तोडे गेले असते तर सासूच्या शिव्या खात मरेपर्यंत त्यांच्या भाकरी थापाव्या लागल्या असत्या.

पेटीला माझ्या बापाचं पितळी कुलूप होतं, मुठीएवढं. चावी माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात. घरात तेल एकच, करडीचं. भाजीला ते, डोक्याला ते आणि कुलपालाही तेच. करडीचं तेल साचून राहिलं की वाळतं आणि त्याचा डिंक होतो. कुलूप आतून पार चिकटलं होतं. उघडायचं झालं की मी चावी चुलीतल्या इंगळावर धरायचे, पदरानं पकडून कुलपात घालायचे आणि तशीच राहू द्यायचे. डिंक मऊ झाला की फिरायची. सासू बघायची आणि म्हणायची, "चावी भाजून खाती का काय ही?" शेजारणींना तिनं सांगितलं की मी कुलपावर करणी करते. मी सांगू दिलं. करणीवालीच्या पेटीला कोण हात लावतं?

एका बाजाराच्या दिवशी दीर कळमनुरीहून एक हत्यार घेऊन आला. बाजारात पोत्यावर बसून छत्र्या आणि कुलपं दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून घेतलेलं. लाकडी मूठ, तिच्यात छत्रीच्या तीन काड्या ठोकून चपट्या करून बसवलेल्या, टोकं आकड्यासारखी वाकवलेली. मुठीच्या बाजूला एक स्क्रू. तो पिळला की पाहिजे ती काडी पुढं यायची. दीर त्या हत्याराला मास्टर म्हणायचा. चावी हरवलेली कुलपं लोक घेऊन यायला लागले. हा ओट्यावर मांडी घालून बसायचा, डोळे मिटून आत खुडबुड करायचा आणि कुलूप उघडलं की चोहीकडं बघायचा, जसं काही विहिरीला पाणी लागलं.

मी ते हत्यार नीट बघितलं होतं. हलकी बाजारू कुलपं त्यानं उघडायची, हे खरं. पण ती कशानंही उघडायची. शेजारणीचं कुलूप दिराच्या हातून काढून घेऊन मी डोक्यातल्या आकड्यानं उघडून दाखवलं. लोक हसले. त्याचं तोंड वाकडं झालं.

"वैनी, हे पोरखेळाचं कुलूप होतं. तुमचं आना. चुटकीसरशी उघडतो."

"माझ्याकडं चावी हाय. तुमच्या काड्या कशाला?"

तेवढ्यात पिठाच्या गिरणीवाल्याचं कुलूप आलं. जुनं, माझ्या कुलपासारखं किल्लीनंच लागणारं. दिरानं ते उघडलं. मग काडी उलटी फिरवली आणि परत लावून दाखवलं. सगळे वा वा म्हणाले. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. ज्याची चावी हरवली त्याला कुलूप उघडलं की बास असतं. काडीनं परत लावायची गरज कुणाला पडते?

मी विचारलं, "भाऊजी, परत लावायचं काहून शिकून राहिले?"

"सगळं यायला पायजे मानसाला," तो म्हणाला. पण माझ्याकडं बघितलं नाही.

त्यानंतर मी पेटी उशाला घेऊन झोपायला लागले. पण शेतात पेटी कशी नेणार? तूर कापायला गेले त्या दिवशी दीर पाठ दुखते म्हणून घरी राहिला. मी परत आले तर पेटी जागेवर, कुलूप जागेवर. वाकून बघितलं. चावीच्या भोकात काडीचं टोक मोडून बसलेलं. नखानं ओढलं. हललं नाही. डिंकानं धरून ठेवलं होतं.

मी पेटी उचलून ओट्यावर आणून आदळली.

"हे कोनं केलं?"

"उंदरानं केलं आसंल," सासू म्हणाली.

"तुमच्या घरात उंदरं छत्री घेऊन फिरत्यात का?"

दीर म्हणाला, "घरातल्या घरात बघितलं तर काय बिघडलं? घ्यायचं थोडंच होतं?"

"घ्यायचं नव्हतं तर मला इचारलं का न्हाई? चोरा!"

"त्वांड सांभाळ!" सासू ओरडली. "करणी करून ठिवली कुलपावर, माझ्या लेकाचं हत्यार मोडलं!"

"व्हय, केली करणी. आता तुमच्या लेकाच्या बोटावर करते."

सासू दोन पावलं मागं सरली. मी वर्षश्राद्धाची वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी पेटी डोक्यावर घेतली आणि कनेरगाव नाक्याला गेले. भावानं छिन्नी लावून हातोडीचे दोन घाव घातले. पत्र्याचा कोयंडा तुटला, झाकण उघडलं. तोडे होते, सरी होती. कुलूप तुटक्या कोयंड्यात तसंच लावलेलं.

छिन्नी दिराच्या घरातही होती. पण छिन्नीनं उघडलेलं दिसतं. तोडे काढून कुलूप परत लावायचं आणि मी कधीतरी रिकामी पेटी उघडून बोंबलले की मलाच खोटी पाडायचं, एवढ्यासाठी ते हत्यार होतं. त्याचा दुसरा उपयोग मला दिसला नाही, अजून दिसत नाही.

हॉटेल सुरू झाल्यावर एकदा दीर आला. मला वाटलं भांडायला आला. तो म्हणाला, "वैनी, त्या कुलपात माझी काडी हाय. तिच्याबिगर मास्टर चालत न्हाई."

मी कुलूप आणि माझी चावी, दोन्ही त्याच्या पुढं टाकली. "काढा आन् घेऊन जा. कुलूप फोडायचं न्हाई."

त्यानं चहा मागितला नाही, मी दिला नाही. बाकड्यावर बसून चावी घालून बघितली. भोक बंद. खिशातून तार काढून खरवडलं. वाशीमकडून येणारी एसटी येईपर्यंत कुलपाशी झटत होता. एसटीचा हॉर्न वाजला तसा कुलूप बाकड्यावर आपटून पळाला.

गल्ल्यावरून मी ओरडले, "चावी ठिवून जा!"

त्यानं ती एसटीच्या खिडकीतून फेकली.