मल्हारीचं वीतभर विमान

माझा नवरा मल्हारी पगारे ओझरच्या विमान कारखान्यात फिटर आहे, एवढंच मला लग्नाआधी सांगितलं होतं आणि लग्नाला तेरा वर्षं झाली तरी तेवढंच माहीत होतं. कसला फिटर, विमानाचं काय करतो, पंख की शेपटी, विचारायची सोय नाही. नोकरीला लागताना त्यानं एका कागदावर सही केली होती, आतलं बाहेर सांगणार नाही म्हणून. सही सगळ्यांनीच केली होती. पण बाकीचे सही करून मोकळे झाले. आमच्या कॉलनीत नळावर नंबर लावायला गेलं की कुणाचा नवरा काय बसवतो ते बादली भरेपर्यंत कळायचं. आमच्याच घरी तोंडाला कुलूप. मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. पन्नास पोरांच्या पोटातलं बाहेर काढायची मला सवय, पण या एका माणसापुढं मी हात टेकले होते.

माझं जाऊ द्या. मी भांडून घ्यायचे आणि मोकळी व्हायचे. सोसलं ते सासूबाईंनी.

सासूबाई म्हणजे भागीबाई. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडं आमचं खेडं, तिथं बौद्धवाड्यात त्या एकट्या राहायच्या. तरुणपणी त्यांनी आठवडे बाजाराचं पटांगण झाडलं, पुढं कांद्याच्या खळ्यावर निवडायला गेल्या. मल्हारीला नाशिकला आयटीआयला घातलं ते एकाच हट्टापायी, की याच्या हातात केरसुणी येता कामा नये. ओझरचं विमान डोक्यावरून गेलं की त्या हातातला कांदा तसाच धरून वर बघायच्या. मल्हारी गावी गेला की पहिला प्रश्न ठरलेला. "ह्यात तुझं काय हाय रे, बाबा?" आणि हा खाली बघून म्हणायचा, "नाही सांगता येत, आई."

गावानं याचा अर्थ काढला. कोंडाजी म्हणून एक बागायतदार होता, द्राक्षांचा नवा बाग लावलेला, त्यामुळं जरा जास्तच बोलायचा. तो पारावर बसून म्हणाला, "सांगण्यासारखं असतं तर सांगितलं नसतं का? झाडू मारीत असंल तिथं." झालं, ते गावभर झालं. झाडू मारण्यात कमीपणा नाही, हे मी वर्गात शिकवते आणि मनापासून शिकवते. पण कोंडाजी ते ज्या तोंडानं बोलायचा ते तोंड मला फडक्यानं पुसून टाकावंसं वाटायचं. त्याला म्हणायचं होतं की यांची जागा शेवटी तीच.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात मी एकटीच गावी गेले होते. सासूबाई चुलीपुढं बसल्या होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "लता, खरं सांग. झाडूच मारतो का तो? मारू दे. पर मला सांग. मी आता किती दिवसांची हाय?" मलाच माहीत नव्हतं, तर सांगू काय कपाळ?

घरी आले आणि मल्हारीला जे झोडपलं, त्याची मला आजही लाज वाटत नाही. म्हटलं, "अहो, तुमची सही सांभाळताना तुमची आई मरेल. झाडूवाल्याची आई म्हणून मरेल." तो जेवत होता. हातातला घास त्यानं ताटात ठेवला.

तिसऱ्या दिवशी तो एक खोका घेऊन आला. कारखान्यातले एक रशियन साहेब मायदेशी परत चालले होते, सामान आवरताना पोराचा न उघडलेला खेळ त्यांनी याला दिला होता. वरती लढाऊ विमानाचं चित्र, आत करड्या प्लॅस्टिकच्या चौकटीला लागलेले पन्नास-साठ तुकडे. ते जोडायचे की वीतभर विमान होतं. आणि ऐका, त्या खेळण्यासाठी मल्हारीनं रीतसर अर्ज करून गेटपास करून घेतला होता. शिपाई हसला म्हणे. हसणारच की.

"आईला बोलून सांगता येत नाही," मल्हारी म्हणाला, "पण दाखवता तर येईल, की आम्ही काय बनवतो."

त्यानंतर चार महिने माझ्या घराचं वर्कशॉप झालं. एकेक तुकडा ब्लेडनं कापायचा, कड घासायची, जुळते का बघायची, परत घासायची. पोटाचे दोन भाग चिकटवून त्यांना माझ्या दोरीवरचे चिमटे लावले, आणि मी ओले कपडे दाराच्या कडीला अडकवत बसले. चिकटवायच्या औषधाचा वास भाकरीला यायला लागला. साच्यातून आलेले रिव्हेट, म्हणजे पत्रा जोडायच्या खिळ्यांची डोकी, त्याला पसंत पडेनात. म्हणाला, "एवढाले रिव्हेट खऱ्या विमानाला असते तर ताटलीएवढे झाले असते." सगळे घासून सपाट केले आणि पट्टी धरून सुईच्या टोकानं बारीक बारीक ठिपके पाडायला बसला. एका रविवारी मी मोजले, पंखाच्या एका बाजूला दोनशे चाळीस. मग मोजायचं सोडून दिलं.

विमानाच्या नाकाला पुढं एक लांब दांडी असते. खोक्यातली त्याला जाड वाटली. मी स्टोव्हची पिन घरभर शोधतेय, स्टोव्ह भडकतोय, आणि पिन निघाली विमानाच्या नाकाला. वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टे सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाचे. शेपटीमागं धूर लागतो तिथं माझं काजळ. खोक्यात चिकटवायला लाल तारे होते, ते त्यानं बाजूला ठेवले आणि केशरी, पांढरा, हिरवा असे गोल चार केसांच्या ब्रशनं रंगवले, श्वास रोखून. मी चिडायचे, पण त्याच्या पाठीमागं उभी राहून बघायचेसुद्धा. इतक्या वर्षांत त्याचं काम मी पहिल्यांदाच बघत होते. खोटं कशाला बोलू, मला तो नव्यानं आवडायला लागला.

एक मात्र होतं. सव्वीस जानेवारीला उडताना लोकांना जे दिसतं तेवढंच तो काढायचा. आतलं काही नाही. मी एकदा विचारलं, "चाकाच्या खोबणीत काय असतं?" तर म्हणे, "अंधार."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावी निघालो. एसटीत विमान माझ्या मांडीवर, रुमालात. अख्खा रस्ता मी ते सांभाळलं आणि मला त्यात काही म्हणता काही वेगळं दिसलं नाही.

अंगणात सासूबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि विमान घेतलं. वाड्यातली माणसं जमली. गलका ऐकून की काय, रस्त्यानं जाणारा कोंडाजीही थांबला, कुंपणाबाहेरच. आमच्या अंगणात तो कधी आला नव्हता.

"झकास केलंय," कोंडाजी म्हणाला. "पर मल्हारी, ह्यात तुझं काय, ते सांग की आता."

सगळे मल्हारीकडं बघायला लागले. मीसुद्धा. मला वाटलं, बोल रे बाबा, एक शब्द बोल, कुणी फाशी देत नाही. मल्हारीनं खाली बघितलं. कोंडाजी हसला, फार नाही, जरासाच.

सासूबाई विमान उन्हात धरून फिरवत होत्या. कांदा निवडणाऱ्या बाईची नजर ती, डागाचा एक कांदा ढिगात लपत नाही. त्या मध्येच थांबल्या.

"अण्णा," त्या कोंडाजीला म्हणाल्या, "हे ठिपके बघितले का? समद्या अंगावर हायेत. हितं का नायत?"

त्यांचं बोट जिथं होतं तिथं खरोखरच काही नव्हतं. बोटभर जागा, नुसती गुळगुळीत.

"राहिलं असंल," कोंडाजी म्हणाला.

"माझ्या मल्हारीचं काम राहत नसतं. त्यानं समद्यांचं काढलं. सोताचं तेवढं काढलं नाय." मग त्या मल्हारीकडं वळल्या. "हे तुझं हाय ना रे?"

मल्हारी हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पण कानाच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत असा लाल झाला की अंगणातल्या शेंबड्या पोरालाही कळलं. याला मेल्याला खोटं बोलता येत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

ती जागा विमान उडताना अख्ख्या नाशिक जिल्ह्याला खालून दिसते. तिच्यात लपवण्यासारखं डोंबल होतं. पण रोज कारखान्यात जे हातानं करतो तेच घरी हातानं काढायचं, तर सही मोडली असं त्याला वाटलं. एवढंच त्यानं मला नंतर सांगितलं.

कोंडाजी कुंपणाच्या आत आला. धोतराला हात पुसून म्हणाला, "बघू का हातात?"

"बघ," सासूबाई म्हणाल्या. "नाकाला धरू नको, टोचंल."

त्यानं त्या गुळगुळीत जागेवरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला, आणि विमान दोन्ही हातांनी परत दिलं. "चुकलं माझं, भागीबाई," एवढं बोलून तो गेला. त्या घटकेला मला त्याचासुद्धा राग उरला नाही.

माणसं पांगल्यावर मल्हारीनं खिशातून सुई काढली. मी डोक्याला हात लावला. हा माणूस ती जागा आता भरणार होता, म्हणजे आणखी कुणाला कळायला नको.

"आई, जरा दे. राहिलंय ते काढतो."

मला वाटलं, म्हातारी आता विमान छातीशी धरेल, देणार नाही. इतक्या वर्षांनी उत्तर मिळालं होतं तिला. पण त्यांनी लगेच पुढं केलं. "काढ, बाबा. मला कळलं, त्या कोंडाजीला कळलं. आता झाक."

मल्हारी उन्हात बसून ठिपके पाडत राहिला आणि सासूबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. ठिपके खऱ्या विमानासारखे पाडले की उगाच मनाचे, मी विचारलं नाही. आणि ती जागा कुठली, ते मीही इथं लिहिणार नाही.