खालून बघायची मूर्ती

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी मांडववाल्याशी भाव करत होतो. "हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. फोन ठेवला आणि... काय सांगू, मांडववाल्याला मी आणखी खाली ओढलं. त्यांचा नवरा शशिकांत माझा देवळ्याचा लहानपणापासूनचा मित्र. सहा वर्षं आम्ही बोललो नव्हतो.

देवळ्याहून नाशकात आम्ही एकाच एसटीनं आलो. मी कांद्याच्या व्यापारातून मंगल कार्यालयापर्यंत पोचलो. तो शाळेत चित्रकला शिकवायचा आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मूर्ती घडवायचा. दिंडोरी रस्त्यावर माझं कार्यालय उभं राहिलं तेव्हा इटलीतल्या जुन्या पुतळ्यांचे फोटो त्याच्यापुढे ठेवून म्हणालो, असली एक दिवा घेतलेली बाई मला कमानीवर पाहिजे. वर्षभर खपला तो.

मूर्ती आली आणि माझं व्यापारी डोकं चाललं. एवढी देखणी वस्तू वर कशाला? हिरवळीवर ठेवू, लोक फोटो काढतील. लोकांनी काढले, आणि हसले. डोकं मोठं, हात मोठे, पाय आखूड. एका नवरदेवाचा मामा म्हणाला, "शेठ, बाईला गालफुगी झाली का?" माझं टाळकं फिरलं. शशिकांतला बोलावून भर पंगतीत विचारलं, "मापं चुकलीत, कबूल कर."

"कमानीसाठी केलीये ती. उंचावरचं डोकं खालून लहान दिसतं, म्हणून इटलीतले कारागीरही ते मोठं करायचे. पहिले वर चढाव भो, मंग बोल."

"गणपती करणारा तू, मला इटली शिकवतो?"

त्यानं मूर्तीच्या कपाळावरून हात फिरवला आणि न जेवता निघून गेला. माझी तक्रार अजून तीच आहे... भांडला का नाही? समोरचा गप्प बसला की मी त्याचा माल खोटा धरतो. हे त्याला माहीत होतं.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं. "भाऊ, दर रविवारी तुमच्या रस्त्यानं चक्कर मारायचे. घरी आले की म्हणायचे, अजून खालीच आहे."

दुसऱ्या दिवशी क्रेन बोलावून मूर्ती कमानीवर चढवली. फाटकाशी उभं राहिलं तर डोकं चक्क लहान वाटलं. मी मागे सरकत गेलो, रस्ता ओलांडला, पलीकडच्या चहाच्या टपरीशी पोचलो आणि मान, हात, पाय सगळं एकदम जागेवर आलं. चेहरा इतका शांत, की मला राग आला. कुणाचा, ते सांगता येत नाही.

टपरीवाल्या मावशी गाळणं झटकत म्हणाल्या, "ते चष्म्यावाले सर पण बरोबर इथंच उभे राहायचे. रिकाम्या कमानीकडं बघत चहा पार गार करायचे."

आता रोज संध्याकाळचा चहा मी तिथंच घेतो. त्याची जागा सोडून, दोन पावलं बाजूला उभा राहून. तिथून तिची मान जराशी वाकडी दिसते... दिसू दे.