घरमालकांच्या रेडिओचा काटा

जपानमधल्या फुनाबोरीत आम्ही राहतो त्या इमारतीच्या तळमजल्यावर घरमालक एकटे राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे. आम्ही पहिल्यांदा घर शोधत होतो तेव्हा एजंट एकेका मालकाला फोन करून विचारायचा, "परदेशी आहेत, चालतील का?" आणि फोन ठेवून आमच्याकडे बघत मान वाकवायचा. या घरमालकांनी एवढंच विचारलं, कचरा वेगळा करता येतो का. मी म्हटलं, येत नाही, शिकेन. त्यांनीच शिकवला. पहिले काही महिने ते सकाळी खाली उभे राहून माझ्या पिशव्या तपासायचे आणि चुकलं की बाटलीचं झाकण काढून हातात द्यायचे. रागावून नाही, गणित तपासावं तसं.

त्यांची बायको गेली तेव्हा त्यांची मुलगी वर आली. ती कावासाकी शहरात असते, नोकरी करते, तिला रविवारच मोकळा असतो. म्हणाली, दुपारी एकदा डोकावाल का? मी सकाळी जवळच्या पाळणाघराच्या स्वयंपाकघरात काम करते आणि दुपारी घरी येते. डोकावण्यात मला काही अवघड नव्हतं. नुसतं डोकावून काय करायचं म्हणून मी वरणभाताचा डबा नेऊ लागले. मिरची नाही, हिंग थोडा. ते मला 'नेएसान' म्हणायचे, म्हणजे ताई. माझ्या वयाच्या बाईला कुणी ताई म्हणत नाही, पण त्यांच्या वयाच्या माणसाला मी तरुणच.

जेवताना रेडिओ चालू असायचा. दुपारचा गप्पांचा कार्यक्रम, सोमवार ते शुक्रवार, एकच माणूस कित्येक वर्षं बोलतोय. माझं जपानी त्या माणसाकडून आलेलं आहे. क्लासमध्ये मला विनंती कशी करायची ते शिकवलं होतं. कुरकुर कशी करायची ते याने शिकवलं. श्रोत्यांची पत्रं वाचायचा. कुणाच्या सासूचं लोणचं, कुणाचे गुडघे, कुणाचा नवरा निवृत्त झाल्यापासून फ्रिज उघडून नुसता उभा राहतो. त्याचा विनोद ज्या दिवशी मला घरमालकांबरोबर एकाच वेळी कळला, त्या दिवशी मला वाटलं, जमलं आपल्याला इथे.

तो माणूस एका दिवसात बदलला नाही. "मला राजकारणातलं काही कळत नाही, पण" अशी त्याची जुनीच सवय होती. त्या 'पण'नंतरचा भाग लांबत गेला. आधी नदीकाठी गोंगाट करणारी परदेशी पोरं. मग परदेशी लोकांनी घेतलेले फ्लॅट. मग दवाखान्यातली रांग. मग जुन्या पक्षाचे लोक कसे सभागृहात डुलक्या घेतात. एका नव्या पक्षाचे लोक पाहुणे म्हणून येऊ लागले. तो त्यांना मत द्या असं कधीच म्हणाला नाही. उलट दर वेळी हसून सांगायचा, मी कुठल्याच पक्षाचा नाही. पण वर्षअखेरच्या साफसफाईवर बोलताना त्याने एक वाक्य वापरलं होतं, "आधी आपलं घर आवरू या," आणि पुढच्या काही महिन्यांत त्या पक्षाचे उमेदवार स्टेशनसमोर भोंगा घेऊन तेच वाक्य म्हणत उभे होते. त्याच्यासारखाच 'आधी'नंतर जरा थांबून.

घरमालक उभा जन्म जुन्या पक्षाच्या वॉर्डातल्या नगरसेवकाचे. त्याच्या समर्थक मंडळाचे ते प्रमुख. निवडणूक आली की फोनजवळ उशी घेऊन बसायचे आणि ओळखीच्या सगळ्यांना फोन करायचे. आमच्या इमारतीच्या भिंतीवर, टपालपेट्यांच्या शेजारी, त्या नगरसेवकाचा चेहरा कायम असायचा. उन्हाने विटला की ते नवा मागवून घ्यायचे.

आता ते रेडिओवरची वाक्यं स्वतःची म्हणून बोलू लागले. एका शनिवारी मी खाली उतरले तर ते जुना चेहरा काढून नवं पोस्टर लावत होते. वाऱ्याने ते फडफडत होतं. "नेएसान, जरा कोपरा धरता?" मी धरला. सरळ लागलंय की नाही तेही मागे जाऊन बघितलं. मग वाचलं. आधी आपलं घर आवरू या.

माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असेल. ते म्हणाले, "तुमच्याबद्दल नाही हं हे. तुम्ही घरच्या."

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, जन्म इथलाच. मी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तर देते. संध्याकाळी वर येऊन बूट काढता काढता तिने विचारलं, "आई, त्यांच्या घरातला पसारा म्हणजे आपण ना?"

"आजोबांना तसं म्हणायचं नाहीये."

"मग त्यांनी कशाला लावलं?"

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सोड ना. इलेक्शन झालं की उतरेल. स्टेशन जवळ आहे, घर चांगलं आहे. पुन्हा घर शोधायची एनर्जी आहे तुझ्यात?"

"मी घर सोडायचं म्हणतच नाहीये."

"मग झालं तर."

झालं नव्हतं. सोमवारी मी डबा घेऊन खाली गेले. त्यांचा रेडिओ जुना, काटा फिरवायचा. त्यांची बोटं आखडलेली आणि नजर कमी, म्हणून बायकोने जाण्यापूर्वी त्या कार्यक्रमाच्या स्टेशनवर काटा आणून चकतीवर चिकटपट्टी लावून ठेवली होती. त्यांनी फक्त चालू आणि बंद करायचं. ते हात धुवायला आत गेले. मी पट्टीचं एक टोक उचललं, चकती नखभर सरकवली आणि पट्टी पुन्हा दाबून बसवली. कुकरला झाकण लावायला याहून जास्त वेळ लागतो.

माझा हिशेब साधा होता. रेडिओ खरखरेल, ते कंटाळतील, बंद करतील. महिनाभर त्या माणसाचा आवाज कानावर पडला नाही तर डोकं ठिकाणावर येईल. मला इथे मत नाही. निवडणुकीत मी करू शकत होते ते एवढंच, असं मी स्वतःला सांगितलं.

ते येऊन बसले. रेडिओ लावला. खरखर, आणि तिच्याखाली दाबल्यासारखा त्या माणसाचा आवाज. त्यांनी आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. रेडिओवर हात ठेवला. पट्टी बोटाने चाचपली. पट्टी जागेवर होती. मग ते माझ्याकडे वळले.

"नेएसान, तुम्हाला नीट ऐकू येतंय?"

नाही म्हटलं असतं तर त्यांनी कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानदाराला बोलावलं असतं आणि त्याने दोन मिनिटांत काटा जागेवर आणला असता. मी म्हटलं, "येतंय की." आणि रेडिओतला माणूस हसल्यासारखा वाटला तेव्हा मीही थोडी हसले.

"अस्सं," ते म्हणाले, आणि त्यांनी रेडिओ बंद केला.

पुढचे काही आठवडे मला फार बरं वाटलं, हे सांगायला हवं. दुपारी शांतता. ते इथल्या समुद्राबद्दल बोलायचे, लहानपणी किनाऱ्यावर नोरी, म्हणजे खायचं समुद्री शेवाळ, वाळत घालायचे त्याबद्दल. बायकोबद्दल बोलायचे. मला वाटलं, जुने घरमालक परत आले. आपण केलं ते बरोबरच.

मग त्यांनी फोन उचलणं सोडलं. मोहल्ल्याच्या बैठकीला जाईनात. टीव्ही बघत, कारण इथे टीव्हीवर बोललेलं अर्धंअधिक खाली लिहून येतं. मी काही बोलले की ते आधी माझ्या ओठांकडे बघायचे. कानाच्या डॉक्टरांकडे स्वतःच जाऊन आले. मी विचारलं, काय म्हणाले? "वयाच्या मानाने असतात तसेच आहेत म्हणाले," ते म्हणाले. "म्हणजे वय झालं."

हे कशामुळे झालं ते मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी पट्टीला हात लावला नाही. निवडणूक होऊन जाऊ दे, मग हळूच सरकवू, कुणाला कळणारही नाही, असा माझा विचार होता.

निवडणुकीच्या थोडं आधी तो जुना नगरसेवक मिठाईचा खोका घेऊन आला. मी भांडी घासत होते. भिंतीवरचं पोस्टर त्याने पाहिलं असणारच, पण त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. गुडघे दुमडून बसला आणि नवं पत्रक पुढे केलं. मी पाणी द्यायला गेले तेव्हा वाचलं. जुन्या पक्षाचं चिन्ह, त्याचा चेहरा, आणि खाली ठळक अक्षरांत, घर आवरण्याचं काम अनुभवी हातांचं. तो बोलला तेही रेडिओवरच्या माणसासारखंच. दवाखाने, फ्लॅट, रांगा. घरमालक प्रत्येक वाक्याला मान हलवत "हाय, हाय", म्हणजे हो, हो, म्हणत होते. तो खूश होऊन गेला.

दार लागल्यावर घरमालकांनी मला विचारलं, "काय म्हणत होता?"

त्यांनी ऐकलंच नव्हतं. म्हणजे आवाज कानावर पडला होता, पण आपल्याला ऐकू येत नाही हे एकदा ठरवल्यावर त्यांनी ऐकायचा प्रयत्नच केला नव्हता. आणि आता ते माझ्या तोंडाकडे बघत बसले होते. मी म्हटलं असतं की तो तुमची माफी मागत होता, तर ते त्यांनी धरून ठेवलं असतं. मी म्हटलं असतं की तो परदेशी लोकांबद्दल चांगलं बोलला, तर तेही. मी सांगेन तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचणार होतं. माझे हात ओले होते, ते मी उगाचच बराच वेळ पुसत बसले.

"मत मागत होते," मी म्हटलं.

त्या रविवारी त्यांची मुलगी वर आली. हातात एका वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक. म्हणाली, कावासाकीत आमच्या घराजवळ एक खोली रिकामी होतेय, लगेच कळवायचंय. इमारतीचं काम एका कंपनीकडे देऊ, तुमचं आहे तसंच राहील, काळजी नको.

"त्यांना जायचंय?" मी विचारलं.

"नको होतं. कधीच नको होतं. पण आता स्वतःच म्हणतात, रेडिओसुद्धा कळत नाही, गॅसचा अलार्म वाजला तर कुठला कळणार. आईने लावून ठेवलेलं स्टेशन, त्यातला एक शब्द लागत नाही म्हणतात." तिचा आवाज थोडा बदलला. "तुम्हाला तर नीट ऐकू येतं ना?"

नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो मराठीत हळूच म्हणाला, "जाऊ दे. वय आहेच त्यांचं." त्याला सगळं माहीत होतं, मी आदल्या आठवड्यातच सांगितलं होतं. मला तो बाहेर पडायचा रस्ता दाखवत होता आणि रस्ता सोपा होता. पण घरमालक त्या घरातून माझ्या 'येतंय की'मुळे निघाले असते, आणि मी वरच राहिले असते.

"रेडिओ मी बिघडवलाय," मी तिला म्हटलं. तिला कळलं नाही. मी म्हटलं, चला खाली.

घरमालक टीव्हीसमोर होते. मी रेडिओ त्यांच्या पुढ्यात आणून ठेवला, पट्टी पूर्ण काढली, लावला आणि काटा फिरवला. रविवार असल्यामुळे तो माणूस नव्हता. कुणी बाई बागेतल्या कुंड्यांबद्दल बोलत होती, शब्द न् शब्द स्वच्छ. त्यांनी तो आवाज ऐकला. टीव्ही बंद केला आणि पुन्हा ऐकला.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"पोस्टर लावलं त्यानंतरच्या सोमवारी."

"तुम्ही ऐकू येतंय म्हणालात."

"हो."

"हसलातही."

"हो."

त्यांची मुलगी मला वाकून नमस्कार करू लागली. त्या पोस्टरबद्दल वडिलांच्या वतीने माफी मागते म्हणाली. ते मला सगळ्यात असह्य झालं. मी तिला थांबवलं. माफी मी मागायची होती आणि मागितली, पण जपानीत माफीची वाक्यं इतकी तयार मिळतात की बोलताना आपण खरं बोलतोय की नाही ते आपल्यालाच कळत नाही.

घरमालक चिकटपट्टीचा तुकडा बोटात धरून बसले होते. "माझ्या बायकोला तो माणूस आवडायचा नाही," ते म्हणाले. "फार बोलतो म्हणायची. तरी मला लावून दिलं तिने."

 

माहितीपत्रक मुलीच्या पिशवीत परत गेलं. घरमालक राहिले. फोन उचलू लागले, बैठकीला जाऊ लागले. मतदानाच्या दिवशी काठी घेऊन शाळेपर्यंत चालत गेले आणि कुणाला मत दिलं ते मी न विचारता सांगितलं. नव्या पक्षाला. जुना नगरसेवकही निवडून आलाच, तेच वाक्य म्हणत. भोंगे बंद झाले, पोस्टर मात्र उतरलं नाही. माझी मुलगी आता मागच्या जिन्याने ये-जा करते. मी तिला सांगितलं, पुढूनच ये. ती ऐकत नाही.

मी अजून डबा नेते. त्यांनी नको म्हटलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. पण आता मी दार ढकललं की ते रेडिओ बंद करतात. एकदा म्हटलं, चालू राहू द्या, मला चालेल. "जेवताना नको," ते म्हणाले. आम्ही हवामानाबद्दल बोलतो. माझा मान ठेवण्यासाठी बंद करतात, की माझ्यासमोर रेडिओ चालू ठेवायला त्यांचा माझ्यावर भरवसा नाही, हे मला कळत नाही, आणि ते विचारायचा हक्क मी घालवलाय. भांडी घासून मी वर निघते. जिन्याच्या वळणावर पोचेपर्यंत खाली त्या माणसाचं बोलणं सुरू झालेलं असतं.